मी पेटलो नव्हतो, मला पेटवलं होतं

मित्रांनो, आमच्या भागात ‘पेटका’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात, तो जुना ट्रक मी. मला वळणावर बघितलं की मुलं ‘पेटका आला, पेटका आला’ म्हणून ओरडतात, आणि ज्यांना अक्कल असायला हवी ती मोठी माणसंही हसतात. माझ्या डाव्या दाराचा रंग करपलेला आहे, हे खरं. दाराखालची पायरी काळी पडली आहे, हेही खरं. पण माणसाला भाजलं तर त्याला कोणी ‘भाजका’ म्हणत नाही. त्याची विचारपूस करतात, मलम लावतात. मला मात्र नाव ठेवलं. म्हणून आज माझी बाजू सांगायला बसलो आहे. आवाज जरा चढा लागला तर समजून घ्या. माझा हॉर्नही तसाच आहे.

ज्या कारखान्यात मला बांधलं, तिथे एक पाईपवाला होता. डिझेलच्या नळ्या वाकवायच्या आणि बसवायच्या, एवढंच त्याचं काम. पण तो ते असं करायचा, की जणू पुढे त्यालाच माझ्यात बसून जायचं आहे. माझ्या पोटाखालून दोन नळ्या जातात. एक नळी टाकीतलं डिझेल इंजिनाकडे नेते. इंजिन त्याला लागेल तेवढं जाळतं, आणि उरलेलं डिझेल दुसऱ्या नळीने टाकीत परत येतं. जाणारी नळी टाकीत अगदी तळाजवळ उतरते, म्हणजे शेवटच्या घोटापर्यंत डिझेल ओढता यावं. परतीची नळी मात्र टाकीच्या वरच्या भागातच संपते, कारण तिला फक्त डिझेल आत सोडायचं असतं. मित्रांनो, हे कंटाळवाणं वाटेल, पण ध्यानात ठेवा. माझ्यावर जो अन्याय झाला तो इथूनच सुरू झाला.

पाईपवाल्याने माझ्यासाठी पोलादी नळ्या घेतल्या. जिथे नळी पत्र्याच्या भोकातून जाणार, तिथे रबरी कडं बसवलं, म्हणजे घासून भोक पडायला नको. इंजिन सतत थरथरतं, तेवढ्या जागी हातभर रबरी नळी लावली, खास डिझेलसाठी बनवलेली. सायलेन्सरच्या बाजूने एकही नळी नेली नाही. मुकादम मागे उभा राहून म्हणाला, “अहो, किती वेळ? रांग अडलीय मागे.”

“तुम्ही बसवता का?” पाईपवाला आडवा पडूनच म्हणाला.

मुकादम निघून गेला.

तिथून मी नानांच्या हाती आलो. नानांचा धंदा म्हणजे लोकांची बिऱ्हाडं हलवायची. माणसं घर सोडताना कशी वागतात, हे माझ्याइतकं कोणी पाहिलं नसेल. रिकाम्या घरातला दिवा मालवला की नाही, हे बघायला पुन्हा पुन्हा वर जाणारे गृहस्थ मी पाहिले. एका घरातलं कपाट काही केल्या दारातून निघेना. शेवटी उलगडलं की सुताराने ते खोलीतच बांधलं होतं. मग कपाट फोडायचं की चौकट, यावरून नवरा-बायकोचं असं जुंपलं की नाना हौद्यात बसून चहा प्यायले. आम्ही कधी कोणाचा आरसा फोडला नाही, कोणाच्या पलंगाचा पाय मोडला नाही. “नानांच्या गाडीत सामान टाका आणि निवांत झोपा,” असं लोक एकमेकांना सांगत. मित्रांनो, ते ऐकून माझी छाती फुगायची, आणि ट्रकची छाती म्हणजे चांगली रुंद असते.

रोज सकाळी नाना पोतं अंथरून माझ्याखाली सरकायचे आणि टाकीपासून इंजिनापर्यंत नळ्यांवरून हात फिरवायचे. मग बोटं नाकाशी नेऊन हुंगायचे. बोटं कोरडी निघाली की म्हणायचे, “चला राजे.” ओली निघाली, तर त्या दिवशी आम्ही बाहेर पडत नसू. कोणी कितीही घाई करो.

पुढे नानांच्या गुडघ्यांनी दगा दिला. पायरीवर चढता येईना. मग स्टिअरिंग त्यांच्या मुलाच्या हाती गेलं. त्याला सगळे तुफान म्हणत, आणि ते नाव काही प्रेमाने पडलेलं नव्हतं. जेवताना उभा, बोलताना चालता आणि चालवताना... जाऊ द्या. वाईट माणूस नव्हता तो. अंगमेहनतीला कधी मागे सरला नाही. पण माझ्याखाली वाकून बघायला त्याच्यापाशी वेळ नव्हता. त्याची बायको, म्हणजे नानांची सूनबाई, आमच्याबरोबर येई. काचेची भांडी गोधड्यांत गुंडाळायचं काम तिचं. गाठ अशी मारायची की उघडताना लोक तिचं नाव काढत.

अंगणात नळाशेजारी मला उभा करत. नळाचं पाणी उडून उडून माझ्या पोलादी नळ्या गंजल्या. हा काही नळ्यांचा दोष नाही. कोणी हात फिरवला असता तर कळलं असतं. एके दिवशी डिझेल ठिबकायला लागलं, तेव्हा तुफानने मला नाक्यावरच्या गॅरेजात नेलं. गॅरेजवर पाटी होती, ‘गाड्यांचा डॉक्टर’. पाटीमुळे गॅरेजवाल्यालाही सगळे डॉक्टर म्हणत. या माणसाबद्दल बोलताना आजही माझं तेल तापतं.

डॉक्टरने खाली डोकावून बघितलं. “दोन्ही नळ्या गेल्यात,” तो म्हणाला. “नव्या पोलादी मागवायच्या तर थांबावं लागेल. नाहीतर ही टाकतो. आता काम, आता मोकळे.”

त्याने भिंतीवर टांगलेलं नळीचं वेटोळं खाली ओढलं. मित्रांनो, ती पाण्याची पारदर्शक नळी होती. बागेत झाडांना पाणी घालतात ती!

“चालेल का ही?” तुफानने विचारलं. एवढं तरी विचारलं.

“का नाही? उलट यातून डिझेल दिसतं. तुझाच फायदा.”

तुफान फायद्याला भुलला. डॉक्टरने माझ्या पोलादी नळ्या उखडून कोपऱ्यात फेकल्या. नवी नळी टाकीच्या तोंडांवर सैल बसत होती, तर क्लिप लावायची सोडून तारेचे वेढे मारले. परतीची नळी जवळच्या वाटेने न्यायची म्हणून थेट सायलेन्सरला चिकटून नेली. आणि हे करताना टाकीवरची दोन तोंडं कोणती कुठली, हे बघायची तसदी त्याने घेतली नाही. जाणारी नळी परतीच्या तोंडाला लावली आणि परतीची जाणाऱ्या तोंडाला. हात पुसले आणि म्हणाला, “घोडा झालाय बघ.”

आता विचार करा. इंजिनाला डिझेल ओढायचं, ते टाकीच्या वरच्या भागात संपणाऱ्या आखूड तोंडातून. टाकी भरलेली आहे तोवर ठीक. अर्धी झाली की ते तोंड उघडं पडणार आणि मी डिझेलऐवजी हवा ओढणार. हवेवर इंजिन चालत नाही. मी चढावर बंद पडू लागलो. मग बॉनेट उघडायचं, हातपंप मारून नळीतली एअर काढायची, शिव्या द्यायच्या. टाकी भरली की मी पुन्हा धावायचो. यावरून तुफानने काय निष्कर्ष काढावा? “हा म्हातारा हावरा झालाय. पोट गच्च भरल्याशिवाय हलत नाही.” नाक्यावर चार लोकांत त्याने हे सांगितलं आणि ते चौघे पोट धरून हसले. माझ्या टाकीत अर्धं डिझेल हिंदकळत होतं, आणि मी उपाशी उभा होतो! एकदा तर त्याने माझ्या पुढच्या टायरला लाथ मारली. टायरला काही झालं नाही. लागलं ते दुसरीकडे.

सूनबाईच्या मात्र नाकाने कधीच हेरलं होतं.

“अहो, डिझेलचा वास येतोय.”

“डिझेलच्या गाडीला डिझेलचाच वास येणार. अत्तराचा येईल का?”

“रोज येतो तसा नाही. पायाखालून येतोय. एकदा बघा तरी.”

“बघतो, बघतो.”

बघितलं नाही. तिने घरी नानांच्या कानावर घातलं. नाना म्हणाले, “अरे, एकदा वाकून बघ.” तुफान म्हणाला, “उद्या.” त्या घरात ‘उद्या’ हा शब्द मी इतका ऐकला आहे की मला तो पाठ आहे.

मग ते बिऱ्हाड आलं. शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. गावाबाहेर टेकडीपलीकडे त्यांनी नवी जागा घेतली होती, दुकान खाली आणि राहायला वर. त्यांची शिलाईयंत्रं, कापडाचे तागे, गिऱ्हाइकांचे शिवून तयार कपडे, सगळं माझ्या हौद्यात चढलं. पुढे केबिनमध्ये तुफान, सूनबाई, शिवणवाल्या बाई आणि त्यांची म्हातारी आई. आईला नीट ऐकू येत नव्हतं आणि पटकन उठताही येत नव्हतं. तिने मांडीवर सुयांचा डबा धरला होता. “हा मी मागे ठेवू देणार नाही,” असं तिने बजावून सांगितलं होतं.

दुपार होती. टेकडीच्या चढावर सायलेन्सर लाल व्हायला आला, आणि त्याला चिकटलेली ती बागेतली नळी मेणासारखी मऊ झाली. तार तिच्यात रुतली. मला कळत होतं, मित्रांनो. मी काय करू शकत होतो? खोकलो, हिसके दिले. “बघ, लागला परत रडायला,” तुफान म्हणाला आणि त्याने ॲक्सिलरेटर आणखी दाबला.

नळी निसटली. डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं. आधी पांढरा धूर, मग डाव्या दाराखालून ज्वाळा.

“थांबवा!” सूनबाई ओरडली. “गाडी थांबवा, खाली आग आहे!”

या वेळी तो थांबला. त्याने इंजिन बंद केलं आणि आपल्या बाजूने बाहेर उडी टाकली. डाव्या दाराने उतरायला वाव नव्हता. सूनबाईने म्हातारीला अक्षरशः सीटवरून सरकवत उजव्या दाराशी आणलं, तुफानने तिला पाठुंगळी घेतलं. म्हातारीला काय चाललंय ते कळेना. “पोचलो का?” ती विचारत होती. शिवणवाल्या बाई उतरल्या तशा मागे धावल्या आणि फाळका उघडून कापडाचे तागे रस्त्यावर ओढू लागल्या. आगीला तेच आधी सापडले असते.

तुफान पाण्याचा कॅन घेऊन धावला, तशी सूनबाईने त्याचा हात धरला. “पाणी नको! डिझेल पाण्यावर तरंगतं, आग पसरेल. माती टाका, माती!” रस्त्याच्या कडेला मुरमाचा ढीग होता. तिने घमेलं उचललं. ती दोघं घमेल्यावर घमेलं माझ्याखाली मारत राहिली. तिच्या मनगटाला फोड आले, त्याच्या भुवया जळाल्या.

आणि आता ऐका. मागे गाड्यांची रांग लागली होती. माणसं उतरली आणि मोबाईल वर धरून उभी राहिली! आग नीट दिसावी म्हणून एक जण सरकून पुढे आला. एका रिक्षावाल्याने तेवढं आपलं घोंगडं भिजवून आणलं आणि दाराच्या पत्र्यावर टाकलं. बाकीच्यांनी आठवण म्हणून मला मोबाईलमध्ये भरून घरी नेलं.

आग विझली. म्हातारी सुखरूप, यंत्रं सुखरूप. एक तागा जळाला, माझं दार करपलं. रात्रीच्या आत माझं नाव ‘पेटका’ पडलं.

डॉक्टर बघायला आला. लांबूनच म्हणाला, “वायरिंग असेल. जुनी गाडी आहे, भरवसा कसला?” तुफानने मान डोलावली आणि भंगारवाल्याला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी भंगारवाला अंगणात येऊन माझ्या अंगावर बोटांनी टकटक करू लागला. जिवंतपणी कोणी आपल्या हाडांचा अंदाज घेत असेल तर कसं वाटतं, हे तुम्हाला कळू नये.

सूनबाई तेव्हा माझ्याखाली होती. मनगटाला पट्टी बांधलेली. ती बाहेर आली ती हातात वितळलेली नळी घेऊन. नळीच्या टोकाला अजून तार होती.

“हे काय आहे?” तिने नवऱ्यापुढे ते धरलं.

“जळालंय ना ते. आता काय बघायचं त्यात?”

“वायर नाहीये ही. पाण्याची नळी आहे. सायलेन्सरला चिकटवलेली आहे, आणि क्लिपऐवजी तार आहे. मी रोज सांगत होते आणि तुम्ही रोज हसत होतात.”

“एवढी जुनी गाडी...”

“गाडीचं वय काढू नका! नळी जुनी होती का? नळी या वर्षी टाकलीय.”

तेवढ्यात शिवणवाल्या बाई फाटकातून आत आल्या. जळालेल्या ताग्यावरून काही ऐकवतील असं वाटून तुफान आधीच म्हणाला, “ताई, तुमचं नुकसान मी भरून देईन.”

“ताग्याचं नाही बोलायला आले,” बाई म्हणाल्या. “माझी आई तुमच्या शेजारी बसली होती. तिला ऐकू येत नाही. ती अजून सगळ्यांना सांगते की गाडीवाल्या मुलाने किती प्रेमाने पाठुंगळी घेतलं. तिला आग कळलीच नाही. मला झोप येत नाही, एवढंच सांगायला आले.”

तुफान खाली बघत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो एका जागी इतका वेळ उभा असेल. मग भंगारवाल्याकडे वळून म्हणाला, “तुम्ही जा.”

“उद्या येऊ का?”

“नाही. उद्या नाही.”

त्यानंतर नळ्या निवडायचं काम निघालं. नाना काठी टेकत दुकानात गेले, सूनबाई आणि तुफान बरोबर. दुकानात काय झालं ते मला सूनबाईच्या तोंडून कळलं. तिने संध्याकाळी शेजारणीला सगळं माझ्या पायरीवर बसूनच सांगितलं. दुकानदाराने आधी तांब्याची नळी दाखवली, हाताने वाकते म्हणून. नाना म्हणाले, “हाताने वाकते, तशी थरथरून तडकते. पोलादी दाखवा.” मग रबरी नळी. दुकानदार म्हणाला, सगळ्या सारख्याच. सूनबाईने नळीवरचे छापलेले शब्द वाचले आणि विचारलं, “ही पाण्याची आहे. डिझेलची कुठाय?” ती आतून काढावी लागली. जरा मोठ्या मापाची घेतली तर सोपी बसेल, आवळून टाकू, असं तुफान बोलून गेला. नानांनी काठी फरशीवर आपटली. तशी त्याने टाकीच्या तोंडाच्या मापाची नळी मागितली, आणि क्लिपा घेतल्या त्या गुळगुळीत कडांच्या, रबर न कापणाऱ्या.

अंगणात नाना खुर्ची टाकून बसले. तुफान पोतं अंथरून माझ्याखाली शिरला. सायलेन्सर एका बाजूला, नळ्या दुसऱ्या बाजूला. भोकांत रबरी कडी बसली. टाकीशी पोचल्यावर तो म्हणाला, “होती तशीच जोडतो.”

“होती ती बरोबर होती कशावरून?” सूनबाई म्हणाली.

नाना म्हणाले, “फुंकून बघा. ओढायचं नाही, फुंकायचं.”

टाकी अर्ध्याच्या खाली होती. तुफानने टाकीच्या एका तोंडाला नळीचा तुकडा लावून फुंकलं. सूनबाईने टाकीच्या झाकणाशी कान नेला. नुसती हवा फुसफुसली. दुसऱ्या तोंडातून फुंकल्यावर आत बुडबुडे वाजले.

“बुडबुडे वाजले ती तळापर्यंत जाते,” नाना म्हणाले. “इंजिनाला ती जोडायची. डॉक्टरने कुठली जोडली होती?”

“हवा फुसफुसली ती,” माझ्याखालून उत्तर आलं. मग तुफान म्हणाला, “म्हणजे हा हावरा नव्हता.”

“नव्हता,” सूनबाई म्हणाली. “उपाशी ठेवला होता त्याला.”

तो बाहेर आला नाही. आडवा पडूनच त्याने माझ्या चासीवर तळहात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही. मला राग धरून ठेवायचा होता. जरा सैल पडला, कबूल करतो.

एअर काढली, इंजिन सुरू केलं, प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद दाबून बघितला. कागद कोरडाच. मग तुफानने मला थेट डॉक्टरच्या गॅरेजात नेलं. सूनबाई शेजारी होती. त्याने वितळलेली नळी डॉक्टरच्या टेबलावर टाकली.

“एवढे दिवस चालली ना?” डॉक्टर म्हणाला. “मग? माझ्याकडे कोणाची तक्रार नसते.”

आणि मित्रांनो, हे म्हणताना त्याचे हात थांबले नव्हते. तो त्याच वेटोळ्यातून नळी कापत होता. समोर बॉनेट उघडून उभी होती शाळेची व्हॅन.

“ही नळी लावू नका,” सूनबाई व्हॅनवाल्या काकांना म्हणाली.

“पण शाळा सुटत आलीय हो,” काका घड्याळाकडे बघत म्हणाले. “मुलं वाट बघतील. आजच्यापुरतं चालवून घेतो, उशीर होतोय.”

तुफानने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. जळालेल्या भुवया अजून उगवल्या नव्हत्या, त्यामुळे त्याचं तोंड विचित्र दिसत होतं. “काका,” तो म्हणाला, “होऊ द्या उशीर.”

माझ्या सीटमागे उरलेली डिझेलची नळी आणि क्लिपा होत्या. त्या घेऊन तो व्हॅनखाली शिरला. “माझ्या गॅरेजात माझ्या गिऱ्हाइकाला हात लावायचं काम नाही!” डॉक्टर ओरडला. सूनबाई कमरेला पदर खोचून मध्ये उभी राहिली. “मग आम्ही रस्त्यावर ढकलून लावू,” ती म्हणाली. काकांनी शाळेत फोन केला. शाळेतल्या बाईंनी मुलांना पायऱ्यांवर बसवून ठेवलं.

मित्रांनो, जुन्याला नावं ठेवायच्या आधी खाली वाका. हात फिरवा, काय चुकीचं जोडलंय ते बघा, आणि मग हवं तर भंगारात घाला. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही खोकतो, थांबतो, वास सोडतो. तीच आमची भाषा. ती ऐकू येऊनही जो हसतो, त्याच्यावर माझा राग आहे, आणि तो मी सोडणार नाही.

त्या दिवशी मुलं पायऱ्यांवर ताटकळली. भूक लागली, पाणी संपलं, दोघातिघांनी रडून घेतलं. व्हॅन आली तेव्हा सगळी काकांवर तुटून पडली. तुमच्यापैकीही कोणी असाल त्यांत. चिडलात ते ठीक केलंत. सगळी घरी पोचलात.